रिकाम्या जागेचे पैसे

आपल्याकडे एखाद्या मुलीला एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन्ही परीक्षांत 'ए' ग्रेड मिळाली, की तिच्या कलाजीवनाचा समारोप होतो. नातेवाईक म्हणतात, "हात छान आहे हो, छंद म्हणून ठेवावा." दहावीच्या निकालात वाढीव गुण जमा होतात, रंगपेटी माळ्यावर जाते आणि मुलगी अकरावी सायन्सला. या परीक्षांनी महाराष्ट्राला दिलेली खरी देणगी म्हणजे स्मरणचित्र. गणपतीची मिरवणूक काढा, भाजीबाजार काढा, असा विषय येतो आणि अर्ध्या राज्यातली मुलं सगळी माणसं पाठमोरी काढतात. चेहरा काढायला वेळ लागतो, हे चित्रकलेच्या सरांनी आधीच बजावलेलं असतं. आमच्या पिढीने एवढी पाठमोरी माणसं रंगवली आहेत, की समोरून आलेला माणूस आम्हाला चटकन ओळखू येत नाही.

माझ्या भाचीची रंगपेटी माळ्यावर गेली नाही. बारावीनंतर तिने साताऱ्यात जाहीर केलं, "मी डिझाइन करणार." ताईचा मला लगेच फोन.

"म्हणजे कपडे शिवणार का गं ही?"

"फॅशन डिझाइन म्हणतेय का?"

"नाही म्हणते."

"मग घरं सजवणार असेल."

"तेही नाही म्हणते. मी विचारलं, मग करणार काय? तर म्हणाली, प्रॉब्लेम सोडवणार. अगं, हिच्या खोलीतल्या खुर्चीवरचे कपडे गेल्या दिवाळीपासून सुटले नाहीयेत!"

भाऊजींचा विरोध जास्त शास्त्रशुद्ध होता. पैसे किती मिळणार, एवढंच त्यांना हवं होतं. मी त्यांना रुपयाच्या चिन्हाची गोष्ट सांगितली. २०१० साली सरकारने जे चिन्ह निवडलं ते डी. उदयकुमार यांनी केलं; ते तेव्हा पवईच्या आयआयटीत, तिथल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये संशोधन करत होते आणि बक्षीस होतं अडीच लाखांचं. भाऊजी विचारात पडले. "एका अक्षराला अडीच लाख. दिवसाला एक अक्षर धरलं..." पुढचा हिशेब त्यांनी मनात केला, पण परवानगी मिळाली.

मग प्रवेशपरीक्षा. आयआयटी मुंबई घेते ती यूसीड, अहमदाबादच्या एनआयडीसाठी असते ती डॅट, शिवाय आपली आपली परीक्षा घेणारी खासगी कॉलेजं. भाची सरावासाठी आमच्याकडे, पुण्यात येऊन राहिली. एका सरावपत्रिकेत प्रश्न होता: वॉशिंग मशीनमध्ये फिरणाऱ्या मोज्याला बाहेरचं जग कसं दिसेल ते चित्रातून दाखवा. आमच्या ह्यांनी तो दोनदा वाचला. हे आयुष्यभर हिशेब तपासनीस. "मोज्याला डोळे असतात, हे गृहीत धरायचं का?" त्यांनी विचारलं. "तुम्हीच ठरवायचं काका." "म्हणजे उत्तर आपण ठरवायचं, गृहीतही आपणच ठरवायचं. मग पेपर काढणारे काय करतात?" एनआयडीच्या दुसऱ्या फेरीत तार, कागद, माती असलं काहीतरी हातात देऊन त्यातून वस्तू करायला सांगतात, हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "आमची मुलं दिवाळीत किल्ले करत, तेव्हा आम्ही त्यांना ओरडायचो. तेव्हा फॉर्म भरायला हवा होता."

पुण्यातल्याच एका कॉलेजात तिला प्रवेश मिळाला आणि मुक्काम आमच्याकडेच पडला. पहिलं वर्ष फाउंडेशनचं. या फाउंडेशनमागे एक जर्मन शाळा आहे. १९१९ साली वायमार गावात वॉल्टर ग्रोपिअस यांनी बाउहाउस नावाची शाळा काढली. तिथे योहानेस इटेन नावाच्या मास्तरांनी नव्या मुलांना धंद्याचं काहीही न शिकवता आधी नुसती रेषा, रंग, पोत आणि निरनिराळं साहित्य यांच्याशी झटायला लावलं. त्याचे परिणाम शंभर वर्षांनी आमच्या डायनिंग टेबलाला भोगावे लागले. माउंटबोर्ड कापताना कटरने सनमायक्यावर ज्या रेषा उमटल्या त्या आजही आहेत. ताट ठेवलं की डुगडुगतं. पोस्टर कलरसाठी वाट्या गेल्या. पोताच्या बोर्डासाठी मसूरडाळ फेविकॉलने चिकटवली गेली, तेव्हा सासूबाई नुकतीच ती निवडून उठल्या होत्या.

पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत करड्या रंगाच्या समान पायऱ्या करायच्या, हा एक अभ्यास असतो. त्याला ग्रे स्केल म्हणतात. दिसायला अगदी क्षुल्लक, पण दोन शेजारच्या पायऱ्यांत फरक दिसला पाहिजे आणि उडीही दिसता कामा नये. तिने तो रात्ररात्र जागून केला. या मुलांच्या भाषेत 'नाइट मारली'. त्यातून उठली ती वेगळीच. सकाळी कपात पाहून म्हणाली, "मावशी, आजचा चहा कालच्यापेक्षा दोन पायऱ्या डार्क आहे." मी पंचवीस वर्षं चहा करतेय, चांगला किंवा पाणचट यापलीकडे त्याचं कुणी मोजमाप केलं नव्हतं.

त्याच वर्षी तिच्या अभ्यासात तांब्या आला. गोष्ट अशी, की १९५८ साली भारत सरकारच्या बोलावण्यावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन जोडपं देशभर फिरलं आणि डिझाइनचं शिक्षण इथे कसं असावं यावर त्यांनी एक अहवाल लिहिला. त्यातून पुढे १९६१ साली एनआयडी निघाली. खुर्च्यांसाठी जगभर नावाजलेलं हे जोडपं. भारतात पाहिलेल्या वस्तूंमध्ये त्यांना सर्वांत सुंदर कदाचित हीच म्हणावी अशी वाटली ती म्हणजे लोटा. तो कुणा एकाने बनवलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्यांनी मिळून तो घडवला, हे त्यांचं म्हणणं. तो भरलेला असताना तोल कुठे जातो, रिकामा असताना कुठे, हाताचा आकार केवढा, डोक्यावर न्यायचा की कमरेवर, धुवायचा कसा, असे प्रश्नच प्रश्न त्यांनी मांडले आहेत.

भाचीने हे सगळं घरी येऊन सांगितलं. आमच्या सासूबाई पोथी बाजूला ठेवून ऐकत होत्या.

"आणि एवढं समजलं तरी त्यांनी खुर्च्याच केल्या?"

"त्या आधीच केल्या होत्या, आजी."

"मग ठीक आहे."

त्यानंतर सासूबाईंनी स्वतः विषय हातात घेतला. गळा अरुंद का, तर चालताना पाणी हिंदकळू नये. पण इतकाही अरुंद नाही, की घासायला हात आत जाणार नाही. काठ बाहेर वळलेला का, तर विहिरीवर दोराची गाठ बसावी, निसटू नये. त्यांच्या माहेरी कोकणात तांब्या कसा होता, सासरी देशावर आल्यावर तो कसा बदलला, कुठला चिंचेने निघे आणि कुठल्याला राखच लागे. भाची पानंच्या पानं लिहीत होती. त्या सबमिशनवर तिला फार चांगला शेरा मिळाला. सासूबाईंना काहीच मिळालं नाही, हे त्या अजून अधूनमधून बोलून दाखवतात.

दुसऱ्या वर्षी तिला अक्षरांची दृष्टी आली आणि आमचं बाहेर जेवणं संपलं. हॉटेलात मेनूकार्ड हातात आलं, की ती आधी ते डोळ्यांपासून लांब धरायची, मग जवळ, मग सुस्कारा. "शिरोरेषा तुटलीये." "या ओळीतली वेलांटी वरच्या ओळीच्या उकारात घुसलीये." ह्यांना भूक लागलेली. "उकाराचं नंतर बघू, थालीपीठ आहे का ते वाच." लक्ष्मी रोडवरून तिच्याबरोबर चालणं म्हणजे दुकानांच्या पाट्यांच्या पंचनाम्याला साक्षीदार म्हणून जाणं. मंगलकार्यालयाचा बोर्ड पाहून ती एकदा इतकी हळहळली, की शेजारच्या बाईंनी मला हळूच विचारलं, "लग्न मोडलं का हो?"

डिझाइनच्या मुलांचं हे वय फार अवघड. चांगलं करता येत नाही, पण वाईट काय ते कळायला लागलेलं असतं. कॉलेजात ज्युरी असते, तिथे भिंतीवर आपलं काम लावून उभं राहायचं आणि मास्तरांनी फक्त विचारायचं, "का?" हा रंग का? ही रेषा का? मुलं रडत बाहेर येतात. आमची रडत नव्हती. ती घरी येऊन तोच प्रश्न आम्हाला विचारायची.

"काका, हा सोफा इथेच का आहे?"

"भिंत तिथे आहे म्हणून."

"पण तुमची गरज काय आहे?"

"आत्ता? शांतता."

तिला या चुका काढण्याच्या साथीतून कुणी बाहेर काढलं असेल तर ते घरातल्याच एका ट्रंकेनं. ट्रंकेच्या तळाशी सासूबाईंनी जुनी वर्तमानपत्रं अंथरली होती आणि त्यांत नाटकांच्या जाहिराती होत्या. त्या काळी मराठी नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे यांच्या हातची अक्षरं असत. नाटक ऐतिहासिक असेल तर नावालाच तलवारीचा बाक, फार्स असेल तर काना-मात्रा एकमेकांच्या पायात पाय घालून पडायच्या बेतात. तिकीट न काढता अर्धं नाटक कळायचं. माळ्यावर दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठांचे 'दीपावली'चे जुने अंकही होते. भाची अख्खा रविवार जमिनीवर बसून हे सगळं पाहत होती आणि एकदाही सुस्कारली नाही. संध्याकाळी तिने ह्यांना र. कृ. जोशी कोण ते सांगितलं: कवी, सुलेखनकार, जेजेत आणि पुढे पवईलाही शिकवलेले, कॉम्प्युटर उघडला की जो 'मंगल' फॉन्ट समोर यायचा तो त्यांचा. ह्यांनी नोकरीतली निम्मी पत्रं त्याच फॉन्टात काढलेली. "म्हणजे ते कुणी माणसाने काढलंय?" हे खरोखर चकित झाले. मला वाटतं, भाचीलाही त्या दिवशी प्रथमच कळलं, की आपण ज्यांच्या चुका काढतो त्या अक्षरांच्या मागेही कुणीतरी रात्री जागलेलं असतं. पाट्यांचा पंचनामा पुढेही चालू राहिला, पण आवाज उतरला.

तिसऱ्या वर्षी 'युजर रिसर्च'. म्हणजे वस्तू करण्याआधी ती वापरणाऱ्याकडे जाऊन पाहायचं. मी एका सहकारी बँकेत कामाला. तिने पैसे भरण्याची स्लिप हा विषय घेतला आणि साहेबांची परवानगी काढून आमच्या शाखेत बाकावर येऊन बसू लागली. मी त्या स्लिपा वर्षानुवर्षं घेतेय. मला त्यात पाहण्यासारखं काही असेल असं वाटलं नव्हतं. तिने पाहिलं ते असं: स्लिप कुणीच वाचत नाही. माणूस स्लिप उचलतो, शेजारच्याला विचारतो, शेजारचा दुसऱ्याची भरलेली स्लिप बघून सांगतो. दोऱ्याला बांधलेलं पेन काउंटरच्या उजव्या टोकाला आहे, त्यामुळे डावखुरी माणसं स्लिप तिरकी धरून लिहितात. 'रक्कम अक्षरी' या ओळीपाशी सगळे थबकतात आणि त्यातले निम्मे तिथे पुन्हा आकडाच लिहितात. सर्वांत मोठा शोध म्हणजे चष्मा. एक आजोबा आपला चष्मा काढून मागच्याला देत, तो लिहून त्याच्या मागच्याला, आणि शेवटी चष्मा रांगेतून परत. नंबर कुणाचाच जुळत नव्हता, तरी सगळ्यांना दिसत होतं.

तिने नवी स्लिप केली. अक्षर मोठं, चौकटी मोठ्या, अक्षरी रकमेशेजारी भरलेला नमुना. मला खरंच आवडली. साहेबांनाही आवडली. त्यांनी ती दोन्ही बाजूंनी पाहिली, तिचं कौतुक केलं, चहा मागवला आणि म्हणाले, "उत्तम. फक्त जुन्या स्लिपा कपाट भरून छापून पडल्यात. त्या संपू देत." त्या अजून संपायच्या आहेत.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्या वर्गातली मुलं मुंबई-बंगळुरूच्या स्टुडिओंत इंटर्नशिपला गेली. बहुतेकांना पगार म्हणून अनुभव मिळाला. भाऊजी म्हणाले, "फुकटच राबायचं तर साताऱ्यात राब, जेवण तरी घरचं." अशी ती एका फ्लेक्सच्या दुकानात जाऊन बसली. मनात थोडी धर्मकार्याची भावना होती: तळागाळात सौंदर्यदृष्टी पोचवायची. तिच्या शिक्षणातला खरा सोनेरी काळ हाच, असं माझं मत आहे आणि ते तिच्या कॉलेजला पटण्यासारखं नाही.

कॉलेजात तिला शिकवलं होतं, की कागदावर जे महत्त्वाचं ते मोठं, कमी महत्त्वाचं ते लहान; नजर या क्रमाने फिरली पाहिजे. दुकानातला ऑपरेटर दहावी नापास, कोरल ड्रॉ कीबोर्डकडे न बघता चालवणारा. त्याला हे शास्त्र कुणीही न शिकवता येत होतं आणि त्याच्या शास्त्रात चुकीला गुण कापले जात नव्हते; दुकानाच्या काचा फुटत होत्या. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर ज्याचा वाढदिवस त्याचा फोटो सर्वांत मोठा. पण वर गोलांत बसणारे नेते लहान असूनही त्याच्या डोक्याच्या वर हवेत. त्या गोलांतही पदाप्रमाणे व्यास. दोन गटांचे नेते एकाच फ्लेक्सवर आले, तर त्यांची तोंडं एकमेकांकडे वळता कामा नयेत. एकमेकांना पाठही करता कामा नये. दोघांनीही समोर बघायचं, मतदाराकडे. खाली शुभेच्छुकांची रांग: सगळ्यांची डोकी एकाच मापाची. "मॅडम, फेटेवाल्याचं डोकं मोजताना फेटा धरायचा नाही," तो तिला समजावून सांगायचा. "फेटा धरला तर चेहरा लहान होतो, आणि माणूस संध्याकाळी येतो."

तिने केलेला पहिला फ्लेक्स एका दूधसंस्थेच्या संचालकांचा होता. डावीकडे फोटो, उजवीकडे सुबक अक्षरांत शुभेच्छा, बाकी सगळं मोकळं, फिकट निळं. संचालक आले, बराच वेळ पाहत राहिले.

"छपाई अर्धीच झालीये का?"

"नाही सर, पूर्ण आहे."

"मग ही जागा रिकामी का?"

"नजरेला विसावा मिळतो."

"विसावा पारावर घ्यावा की माणसानं! मी चौरस फुटानं पैसे दिलेत. रिकाम्या जागेचे पैसे कोण देतंय? इथं माझ्या साडूला टाका."

साडू आले. साडूच्या बाजूला साडूचे चिरंजीव आले. संचालक गेल्यावर भाची हिरमुसून बसली. तेव्हा ऑपरेटरने तिला जे सांगितलं ते तिने वहीत उतरवून घेतलं आहे, मी वाचलंय: "मोकळी जागा ठेवायची असेल तर त्यात किरणं टाकायची. डोक्यामागून निघालेली. किरणांना कुणी रिकामी जागा म्हणत नाही." चौकाचौकांत आपण जे तेजोवलय पाहतो, ज्याला आपण भपका म्हणून नाकं मुरडतो, त्यात कुण्या थकलेल्या ऑपरेटरने आपल्यापुरता राखलेला मोकळा श्वासही असतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

त्या सुट्टीनंतर ती परतली आणि घरात पुतण्याचं लग्न निघालं. पत्रिका अर्थातच तिने करायची, कारण घरचीच मुलगी. पहिला नमुना आला: मधोमध दोन नावं, तारीख, स्थळ, बाकी पांढरंशुभ्र. माझे मोठे दीर आणि जाऊबाई आले. दिरांनी कागद उलटा करून मागे पाहिलं. "आमचे येथे श्रीकृपेकरून कुठे आहे?" जाऊबाईंनी विचारलं, "निमंत्रक कुठे? स्नेहांकित कुठे? आणि मुलांचं 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' कुठे आहे? मुलं रडतील." एका आत्यांनी फोनवरून कळवलं, की आमचं नाव नसेल तर हरकत नाही, आम्हीही नसू.

पूर्वीची भाची असती तर भांडली असती. ही वही काढून बसली. मग तिच्या लक्षात आलं, की पत्रिका तारीख कळावी म्हणून कुणी वाचत नाही. तारीख फोनवर आधीच कळलेली असते. पत्रिका हातात आली की माणूस आधी आपलं नाव शोधतो आणि मग ते कुणाच्या खाली आहे ते पाहतो. फ्लेक्सच्या दुकानातली सगळी विद्या कामी आली. वयाप्रमाणे ओळी लागल्या, दोन्ही आत्या एका ओळीत समान अंतरावर बसल्या, नावांच्या मधे जिथे मोकळी जागा हवी होती तिथे तिने बारीक वेलबुट्टी सोडली. वेलबुट्टीला कुणी काही म्हणालं नाही.

पण गणपतीने अडवलं. वर डाव्या कोपऱ्यात तिने स्वतः काढलेला गणपती होता. नाजूक, एका रेषेत. तो कागदाच्या बाहेर बघतोय, नजर निसटते, म्हणून तिने तो कॉम्प्युटरवर उलटवला. आता तो आत, नावांकडे पाहू लागला. रचना खरंच छान जमली. सगळ्यांनी माना डोलावल्या. शेवटी कागद सासूबाईंकडे गेला. त्यांनी चष्मा लावला.

"सोंड उजवी केलीस होय गं?"

"उलटवलाय फक्त, आजी. बॅलन्ससाठी."

"उजव्या सोंडेचा फार कडक असतो. पण ते एक वेळ राहू दे. त्याचं जानवं बघ."

सगळे वाकले. जानवं उजव्या खांद्यावर आलं होतं.

"अपसव्य झालंय," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "तसं श्राद्धाला करतात. लग्नाला नाही."

खोलीत थोडा वेळ फक्त पंख्याचा आवाज. दीर खुर्चीत मागे टेकले. भाचीचा चेहरा ग्रे स्केलची एक एक पायरी उतरत गेला. मग तिने पेन्सिल घेतली आणि विचारलं, "आजी, अजून काय काय उलटं झालंय? सगळं सांग." सासूबाईंनी सांगितलं: मोदक कुठल्या हातात, आशीर्वादाचा हात कुठला. तिने गणपती नव्याने काढला. सोंड डावी, जानवं जागेवर, आणि मान तेवढी आत वळलेली. त्यासाठी पुन्हा नाइट मारली.

पत्रिकेबरोबर तिने दिरांच्या हातात बिल दिलं. दिरांनी ते पत्रिकेपेक्षा जास्त काळजीपूर्वक वाचलं.

"घरच्या माणसाकडून पैसे?"

"काका, हा घरचाच दर आहे. आणि दुरुस्त्या दोन फुकट आहेत. तिसरीपासून पैसे."

ही अट तिने पत्रिकेच्या पहिल्या नमुन्याबरोबरच पाठवली होती. कुणी वाचली नव्हती. दुरुस्त्या सांगायला रांग लावून आलेलं खानदान त्या क्षणी एकमताचं झालं. आत्यांना आपलं नाव आहे तिथेच शोभून दिसू लागलं.

शेवटचं वर्ष पोर्टफोलिओचं. चार वर्षांतलं काम निवडून, मांडून, कंपन्यांना दाखवायचं. मला वाटलं, ती रंगीत पोस्टरं पुढे ठेवेल. तिने बँकेची न छापलेली स्लिप ठेवली, पत्रिकेच्या उलट्या आणि सुलट्या गणपतीची जोडी ठेवली, दूधसंस्थेचा फ्लेक्स साडूसकट ठेवला. बंगळुरूच्या एका कंपनीत मुलाखत झाली तेव्हा अर्धा वेळ ते लोक म्हणे जानव्याबद्दलच विचारत होते. नोकरी मिळाली. पैसे देण्याघेण्याचं कुठलंसं ॲप आहे, त्यातले पडदे ती करणार. भाऊजींनी दिवसाच्या अक्षरांचा हिशेब पुन्हा मांडला आणि तो जरा कमी भरला, पण ते खूश आहेत.

मधल्या काळात कॉम्प्युटर स्वतःच चित्रं काढू लागला. हे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी सत्यनारायणाच्या पूजेचं निमंत्रण त्याच्याकडून करून घेतलं. चित्र झकास होतं, पण 'सत्यनारायण'मधला त्य मराठीत नसलेल्या एका नव्याच जोडाक्षराने लिहिला होता. लोक पूजेला आले, प्रसाद घेतला आणि कुठल्या देवाची पूजा होती ते विचारून गेले.

जायच्या आधीच्या आठवड्यात ह्यांनी तिला सोसायटीचं काम सांगितलं. 'उद्या पाणी येणार नाही' हा बोर्ड. फाटकाशेजारच्या काळ्या फळ्यावर हे स्वतः खडूने लिहितात आणि तरीही दुसऱ्या दिवशी सगळे बादल्या घेऊन ह्यांच्याच दारात. "तू डिझाइनर झालीस ना, असा बोर्ड कर की लोक वाचतील." तिने कॉम्प्युटर उघडला नाही. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ वॉचमनच्या खुर्चीशेजारी बसली. तिसऱ्या दिवशी वॉचमनकडून हातोडी घेतली, फाटकाशेजारचा खिळा उपटला, लिफ्टशेजारी ठोकला आणि फळा तिथे टांगला.

"फाटकातून सगळे गाडीवरून येतात, काका. थांबतात ते फक्त लिफ्टपाशी."

"बरं. आणि डिझाइन?"

"हेच."

हे माझ्याकडे वळले. "चार वर्षांची फी," ते म्हणाले, "आणि खिळा हलवला!" रात्री जेवतानाही त्यांचं तेच. निदान एखादं चित्र, एखादा थेंब, एखादा रंग! पण पुढच्या वेळी पाणी गेलं तेव्हा दारात कुणीही आलं नाही. सगळ्यांनी आदल्या रात्री भरून ठेवलं होतं. उलट तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ लिफ्टपाशी ह्यांना म्हणाले, "सेक्रेटरी, अक्षर मात्र सुरेख आहे हो तुमचं. आजवर लक्षात नव्हतं आलं."

भाचीने त्या फळ्याचा फोटो काढला, शिरोरेषा थोडी तिरकी जातेय एवढंच म्हणाली आणि बंगळुरूला गेली. आता सोसायटीतल्या सगळ्या सूचना हेच लिहितात. हळदीकुंकवाची, योगवर्गाची, हरवलेल्या मांजरीचीसुद्धा. शेजारच्या दोन सोसायट्यांकडूनही बोलावणं येतं. हे खडूचा डबा घेऊन जातात आणि फळ्याला हात लावण्याआधी सांगून टाकतात, की दुरुस्त्या दोन फुकट, तिसरीपासून पैसे.